डोळे आडनावाबरोबर जातात

नेवरेकरांचे डोळे आडनावाबरोबर जातात, असं आप्पा म्हणत. आणि आप्पा पुराव्याशिवाय काही म्हणत नसत. पुरावा त्यांच्या उशाशी असे: नेवरेकर घराण्याचा कुळवृत्तांत, एकोणीसशे पंचावन्न सालचा, निळ्या कापडी बांधणीचा, चारशे पानांचा. मूळ पुरुषापासूनचे सगळे नेवरेकर त्यात शाखावार मांडलेले होते. कुणाच्या नावापुढे ‘पुढे दृष्टी गेली’, कुणाच्या ‘नेत्रदोषामुळे कचेरीतली नोकरी सोडली’, कुणाच्या ‘अंधत्वातही नित्यपाठ चुकला नाही’. असे नऊजण. नऊही पुरुष. दहावे आप्पा स्वतः.

गणिताचे मास्तर होते ते. सेहेचाळिसाव्या वर्षी त्यांना फळ्याच्या कडा दिसेनाशा झाल्या, मग फळ्याचा मधला एक तुकडा तेवढा राहिला, आणि डॉक्टरांनी काचबिंदू हा शब्द उच्चारला तोवर त्या तुकड्याचंही काही खरं नव्हतं. नीरजा तेव्हा एकोणीस वर्षांची होती.

“तू निर्धास्त राहा, नीरू,” आप्पा म्हणाले होते. “मुलींना नाही ते. पुस्तक काढ आणि बघ.”

तिने पुस्तक काढून बघितलं आणि ती निर्धास्त राहिली. त्यानंतर बावीस वर्षं, रोज दुपारी चारला, वाचनालयातली नोकरी लागल्यावर संध्याकाळी सहाला, पडवीत बसून तिने आप्पांना वाचून दाखवलं. वर्तमानपत्र, कादंबऱ्या, प्रवासवर्णनं, एकदा तर ज्ञानकोशाचा अख्खा खंड. दमून एखादी ओळ गाळली की आप्पांची तर्जनी वर जाई. ते बोलत नसत. ओळ परत येईपर्यंत बोट वर.

नव्व्याण्णव सालच्या फेब्रुवारीत, कलमांना दुसरा मोहोर आला होता तेव्हा, आप्पा गेले. हृदय बंद पडलं, डोळ्यांचा काही संबंध नव्हता. मनातल्या मनात वाचलं की वर्तमानपत्र वीस मिनिटांत संपतं, हे नीरजाला त्यानंतर कळलं. उरलेल्या वेळाचं काय करायचं ते कळेना.

महिन्याभराने पुण्याहून आप्पांच्या नावाचं कार्ड आलं. कुळवृत्तांताची नवी आवृत्ती काढायचं ठरलं होतं. रत्नागिरी शाखेची माहिती आप्पांनी गोळा करून पाठवावी, सोबत नमुना: नाव, जन्म, शिक्षण, व्यवसाय, विवाह, पुत्र. आप्पा गेल्याचं समितीला अजून कळलं नव्हतं. नीरजाने ते कळवलं आणि त्याच पत्रात लिहिलं, की माहिती मी पाठवीन.

नमुन्यातली अक्षरं बारीक होती. चाळीस उलटलेलीच होती, म्हणून ती चष्म्यासाठी डॉक्टर शौनक आठल्यांकडे गेली. आठल्ये तरुण होते, दक्षिणेतल्या एका मोठ्या नेत्ररुग्णालयात शिकून नुकतेच गावी परतले होते. त्यांनी चष्म्याचा नंबर काढला आणि सहज विचारलं, “घरात कुणाला डोळ्यांचं काही?”

“सात पिढ्यांचं सांगू शकते,” नीरजा म्हणाली. तिच्या आवाजात थोडा तोरा होता. दुसऱ्या दिवशी तिने निळं पुस्तकच नेऊन त्यांच्यापुढे ठेवलं.

डॉक्टर खुर्चीत पुढे सरकले. त्यांनी पेन्सिलीने झाड काढायला घेतलं. पुरुषाला चौकोन, डोळे गेलेल्याचा चौकोन काळा. दहा काळे चौकोन झाले. मग ते थांबले.

“असा कागद मला त्या रुग्णालयातसुद्धा कुणी दिला नव्हता. पण ताई, यात बायका कुठायत?”

“आहेत की. ही बघा. माझी आत्या. ‘कमळा, पाली येथे दिली.’”

“पुढे?”

“पुढे काय? पुढे ती पोंक्षे. पोंक्ष्यांच्या पुस्तकात जाते.”

“आणि पोंक्ष्यांच्या पुस्तकात तिच्या डोळ्यांचं लिहिलंय?”

तिथे काय असणार ते नीरजाला ठाऊक होतं: ‘पत्नी कमळा, माहेरची नेवरेकर’. पूर्णविराम.

डॉक्टरांनी तिला सांगितलं, ते तिने घरी येऊन वहीत उतरवलं. डोळ्यात आतल्या आत एक पाणी सतत तयार होतं. अश्रूंचं नव्हे, वेगळं. बुबुळाच्या कडेला बारीक जाळी असते, तिच्यातून ते झिरपून बाहेर जातं. जाळी तुंबली की पाणी साचतं, दाब वाढतो, आणि त्या दाबाखाली मागची नस हळूहळू मरते. मेलेली नस परत येत नाही. दोनच वर्षांपूर्वी अमेरिकेत या दुखण्याचं एक जनुक सापडलं होतं. त्याच्या हुकमाने जे प्रथिन बनतं त्याचं नाव मायोसिलिन. प्रत्येक माणसात त्या जनुकाच्या दोन प्रती, एक बापाकडून आणि एक आईकडून. एक जरी बिघडलेली आली तरी पुरते.

“तुमच्या घरात तेच आहे का, हे रक्त तपासल्याशिवाय कुणी सांगू नये,” डॉक्टर म्हणाले होते. “पण पिढ्यान्‌पिढ्या, तेही पन्नाशीच्या आत, म्हणजे मला दाट संशय आहे. तसं असेल तर आजारी माणसाच्या प्रत्येक अपत्याला ते मिळण्याची शक्यता निम्मी. मुलगा की मुलगी हे जनुक विचारत नाही. आडनाव तर नाहीच नाही.”

त्यांनी नीरजाचा दाब मोजला. पंधरा. एकविसाच्या आत ठीक.

आप्पांची चूक वाचणाऱ्या माणसाची चूक होती. पुस्तकात जे नाही ते घडलंच नाही, असं धरून त्यांनी चोख गणित मांडलं होतं. नीरजाने तीच चूक बावीस वर्षं मोठ्याने वाचली होती.

एक गोष्ट मात्र तिला पटत नव्हती. दोन प्रतींतली एक चांगली असते ना? मग निदान निम्मं काम तरी व्हावं. डॉक्टरांनी एका इंग्रजी लेखाची झेरॉक्स दिली होती. ती शब्दकोश घेऊन वाचली तरी गाडं तिथेच अडलं.

ते सुटलं घरच्या आंब्याच्या बागेत. एप्रिलचा दुसरा आठवडा होता, आंबा उतरत होता. बाग सांभाळणारा भागोजी पेट्या भरायच्या खोपीच्या दारात कमरेवर हात ठेवून उभा होता. टेम्पो बाहेर, पेट्या आत, आणि दारात पेट्यांची थप्पी.

“काय झालं, भागोजी?”

“सुताराच्या नावानं बोंब मारतोय, ताई. दुसरं काय? नव्या खेपेत निम्म्या पेट्या वाकड्या. फळी घडीत बसत नाय. वाकडी पेटी टेम्पोवाला घेत नाय, म्हनून दारात ठेवली.”

“मग चांगल्या पेट्या का थांबल्यात?”

“जोडीनं बांधतो ना आमी! दोन दोन, सुंभानं. जोडीत एक वाकडी आली, की चांगली पन तिच्यासंगती रखडते. आता दारच बुजलं. आतली दोन मानसं भायेर कशी येनार, सांगा. हाका मारतायत बिचारी.”

नीरजा उपड्या पेटीवर बसली. जाळीतल्या पेशीसुद्धा हेच करत होत्या. मायोसिलिन बनवायचं, जोडीने बांधायचं, बाहेर पाठवायचं. एका प्रतीचं प्रथिन वाकडं बनतं, घडीत बसत नाही, ते पेशीच्या दारातच अडतं, आणि चांगल्या प्रतीचं सरळ प्रथिनही त्याच्याशी बांधलेलं म्हणून अडकतं. थप्पी वाढत जाते. शेवटी पेशी त्या ढिगाखाली गुदमरते. चांगली प्रत असून नसल्यासारखी का, ते हे.

संध्याकाळी आप्पांना सांगू, असं तिच्या मनात आलं. पेंढ्यातली एक काडी उचलून ती मोडत बसली.

“ताई, उन्हाचा तरास झाला काय?” भागोजीने विचारलं.

“नाही रे. पालीला जायला हवं मला.”

पालीला बाजारपेठेत सलिल पोंक्ष्याचं खतांचं दुकान होतं आणि दुकानाच्या मागे घर. सलिल म्हणजे कमळाआत्याचा मुलगा, वय चव्वेचाळीस, बोलायला मोठा. त्याची मुलगी भार्गवी, सोळा वर्षांची, दहावीची परीक्षा देऊन मोकळी झालेली. नीरजा एसटीतून उतरली तेव्हा सलिल दुकानाच्या पायरीवर स्कूटरचा डावा आरसा बसवत होता.

“पुन्हा फुटला?”

“अगो, हे रस्ते! डाव्या अंगाने कोण कधी घुसेल सांगता येत नाही. तिसरा आरसा हा. ये, आई आत आहे.”

कमळाआत्याचं स्वयंपाकघर पंचक्रोशीत शिस्तीबद्दल प्रसिद्ध होतं. तिथली वस्तू तिथेच. सुनेनेसुद्धा डाव हलवला तर आत्या घर डोक्यावर घेई. पासष्टीची आत्या बिड्याच्या तव्यावर घावन घालत होती आणि भार्गवी शेजारी बसून ते संपवत होती.

“आलीस? बस,” पावलांचा आवाज आला तशी आत्या मान न वळवता म्हणाली. “वाळलीस गो. आप्पा गेला म्हणून खाणं सोडायचं नसतं.”

“नीरूआत्या, मला चष्मा बदलायचाय,” भार्गवी म्हणाली. “वर्षात तिसरा. बाबांचे आरसे आणि माझे चष्मे, बघू कोण जिंकतं.”

“डोकं दुखतं?”

“दुखतं. आणि दिव्याभोवती रंगीत वळं दिसतं. छान दिसतं तसं.”

नीरजाने पाण्याचं भांडं खाली ठेवलं. बाहेर जाऊन तिने सलिलला सगळं सांगितलं. जाळी, दाब, दोन प्रती, निम्मी शक्यता. पुस्तकात मुली नाहीत म्हणून आपण फसलो, हेही सांगितलं. सलिलने पाना खाली ठेवला.

“हे बघ नीरू. मामाचं दुःख तुला झालंय, कबूल. पण तुमचं नेवरेकरांचं दुखणं तुमच्यापाशी ठेव. आम्ही पोंक्षे.”

“ते जनुकाला माहीत नाही, सलिल.”

“पाच वर्षांनी पोरीला स्थळं बघायचीत. डोळ्याचं घराणं म्हणून एकदा शिक्का बसला की पालीपासून पुण्यापर्यंत पुसता येणार नाही. आणि पुरावा काय? तुमच्या पुस्तकात आम्ही नाहीच.”

“तेच तर म्हणते आहे.”

“आईला बघ की! तिला असायला हवं होतं ना मग? पासष्टाव्या वर्षी घावन बघितलेस तिचे? काठ एकसारखे. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, संपला विषय.”

नीरजाने चपला काढल्या. ती आत गेली. आत्या चहा गाळत होती आणि नीरजा पहिल्यांदाच तिच्या हातांकडे नीट बघायला लागली. आत्याने कपाच्या काठाला बोट लावलं, चहा बोटाला लागला तशी ओतायची थांबली. साखर घ्यायला हात मांडणीवर गेला तो बरणीच्या झाकणाकडे नाही, गळ्याकडे. बरणीच्या गळ्याला दोरा बांधलेला होता. शेजारच्या प्रत्येक बरणीला होता. एक गाठ मीठ, दोन गाठी साखर, तीन गाठी चिंच. एकसारख्या काठाचा तो घावनही पिठाच्या चर्र आवाजावर घातलेला होता, डोळ्यांनी नाही.

भार्गवीला आजीची ही तऱ्हा जन्मापासून ठाऊक होती आणि म्हणूनच ती तिला दिसत नव्हती.

“आत्या,” नीरजा हळूच म्हणाली, “माझ्या हातात काय आहे?”

आत्याचा हात थांबला. बिड्यावरचा घावन करपल्याचा वास आला, तिने कधी करपू दिला नव्हता तो.

“काय असायचंय? पिशवी.”

नीरजाच्या हातात निळं पुस्तक होतं.

सलिल दारात येऊन उभा राहिला होता, हात ग्रीसने काळे.

“आई?”

“बंद कर ते आधी,” आत्या म्हणाली. भार्गवीने गॅस बंद केला. आत्या पाटावर बसली, पदराने कपाळ पुसलं. “काय विचारायचंय? उजव्याने कधीच नाही दिसत. डाव्याने नळीतून बघितल्यासारखं. ऑपरेशनने काही फरक पडला नाही, तुम्ही सगळे पेढे वाटत होता, मी कशाला बोलू? आणि बोलून काय झालं असतं? आप्पाला डोळे फळ्यासाठी लागत, म्हणून त्याचं सगळ्यांना कळलं. मला कशाला लागत होते? तांदूळ हाताने निवडता येतात, माणसं पावलांनी कळतात.”

“कधीपासून?” नीरजाने विचारलं.

“झाली असतील पंधरा-सतरा वर्षं.”

“आणि आम्हाला...” सलिल पुढे आला.

“माहेरी हे मुलींना नसतं, असं लिहिलेलं आहे. मला वाटलं, मलाच कसं झालं? काहीतरी माझंच चुकलं असेल.” ती नातीच्या दिशेने वळली, थोडीशी चुकली, मग भार्गवीच्या श्वासाच्या अंदाजाने नेमकी. “तुला दिव्याभोवती वळं दिसतं ना गो? मलाही दिसायचं. मला वाटे, देवाच्या समईचं काही आहे. सलिल, उद्या पहिल्या गाडीने पोरीला ने. तूही डोळे दाखव. तिसरा आरसा म्हणे. आणि स्थळांचं मला सांगू नकोस. नवरा चांगला की वाईट, हे बघायला तरी तिला डोळे हवेत.”

भार्गवी हसली आणि रडली, कुठलं आधी ते सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर आठल्यांच्या दवाखान्यात तिघं एका बाकावर बसले. भार्गवीचा दाब बत्तीस. सलिलचा छत्तीस, आणि डाव्या डोळ्याची बाहेरची कड गेलेली. आरसे तिथेच फुटत होते. कमळाआत्याचा चव्वेचाळीस.

“मला काय धाड भरलीय, म्हणत होतो मी,” सलिल कुणाकडेच न बघता म्हणाला.

डॉक्टरांनी भार्गवीच्या डोळ्यात दिव्याने पुन्हा पुन्हा पाहिलं. नीरजा भिंतीला टेकून उभी होती.

“नस शाबूत आहे,” डॉक्टर म्हणाले. “अजून सहा महिन्यांनी मी हे म्हणू शकलो असतो की नाही, सांगता येत नाही.”

थेंब सुरू झाले. सलिलला ते पुरले, गेलेली कड आली नाही पण पुढची राहिली. भार्गवीला पुरले नाहीत. पुढच्या वर्षी मुंबईत तिच्या दोन्ही डोळ्यांवर शस्त्रक्रिया झाल्या, पाण्याला बाहेर पडायला नवी वाट करून दिली. दाब बारावर आला. बारावीत पोरीने जीवशास्त्रात तालुक्यात पहिला नंबर काढला, आणि पुढे काय शिकणार म्हणून विचारलं तर म्हणाली, “डोळे.”

नीरजाने समितीचा नमुना बाजूला ठेवला आणि आपला नवा आखला. त्यात ‘पुत्र’ या रकान्याच्या जागी ‘अपत्ये’ होतं आणि शेवटी एक रकाना ‘डोळे’ हा होता. पंचावन्न सालच्या पुस्तकात ‘अमुक येथे दिली’ असं लिहिलेल्या प्रत्येक मुलीच्या मागे ती गेली. बुरोंडी, अंजनवेल, देवरुख, मग डोंबिवली, सांगली, इंदूर. पत्रं लिहिली, फोन केले, रविवारी एसटीने गेली. किती घरांत तिला तीच गोष्ट वेगळ्या शब्दांत ऐकायला मिळाली! एक आजी सदा अडखळत असे, तिला वेंधळी म्हणत. एक मावशी देवळात जायची बंद झाली, तिला नास्तिक म्हणत. एक काकू जिन्यावरून पडून गेली. पेन्सिलीच्या झाडात बायकांचे गोल यायला लागले, आणि गोल काळे व्हायला लागले.

चौदा जणांचं रक्त डॉक्टरांनी दक्षिणेतल्या एका प्रयोगशाळेत पाठवलं. दोन हजार दोन सालच्या जूनमध्ये उत्तर आलं. मायोसिलिनच्या जनुकात एकाच ठिकाणी बदल, आजारी असलेल्या सगळ्यांत तोच. नीरजात नव्हता. पत्र वाचून तिला बरं वाटलं आणि बरं वाटल्याची लाज वाटली. मग तिने ते पत्र पडवीत, आप्पांच्या खुर्चीसमोर बसून, मोठ्याने वाचलं. एकही ओळ न गाळता.

पुण्याच्या समितीचं म्हणणं मात्र ठाम होतं. कन्यांच्या संततीचा तपशील कुळवृत्तांताच्या परंपरेत बसत नाही, पृष्ठसंख्या वाढेल, फार तर चार पानांची पुरवणी देता येईल. खाली अध्यक्षांची सही. अध्यक्ष म्हणजे तात्यासाहेब नेवरेकर, निवृत्त न्यायाधीश. नीरजाने उत्तरात वाद घातला नाही. एवढंच लिहिलं, की या वेळचं कुलसंमेलन रत्नागिरीला घ्यावं, व्यवस्था मी करते.

दोन हजार पाचच्या डिसेंबरात संमेलन भरलं. निमंत्रणं नेवरेकरांना होती तशी त्यांच्या लेकींना, जावयांना, नातवंडांनाही होती. मंगल कार्यालयाच्या एका खोलीत डॉक्टर आठल्ये आणि त्यांची यंत्रं. बाहेर टेबलावर नव्या आवृत्तीची मुद्रितं, ज्याने त्याने आपली नोंद तपासून घ्यावी म्हणून. आणि जेवणघराच्या दारात, खुर्ची आडवी टाकून, एकाहत्तर वर्षांची कमळाआत्या.

नियम एकच होता. डोळे तपासल्याची पिवळी चिठ्ठी दाखवल्याशिवाय पान नाही.

“चिठ्ठी?”

“अहो काकू, मी केटररचा माणूस.”

“डोळे आहेत ना तुला? जा, तपासून ये. फुकट आहे.”

आतून उकडीच्या मोदकांचा वास येत होता, त्यामुळे रांग भराभर सरकत होती. खोलीत भार्गवी दाब मोजत होती. नेत्रतपासनीसाच्या अभ्यासक्रमाचं तिचं शेवटचं वर्ष होतं. “हनुवटी इथे. वर बघा. झालं. सतरा, मोदक खा,” अशी ती एकेकाला सोडत होती.

तात्यासाहेब काठी टेकत दारापर्यंत आले.

“कमळे, मी तात्या.”

“आवाजावरून कळलं. चिठ्ठी?”

“अगो, माझं वय एकोणऐंशी. मला आता काय होणार?”

“न्यायाधीश होतास ना? मग कायदा सगळ्यांना सारखा.”

मागची रांग हसली. तात्यासाहेब कुरकुरत वळले. त्यांचा दाब सोळा निघाला. त्यांच्याबरोबर त्यांच्या बहिणीचा नातू होता, एकोणतीस वर्षांचा, नाशिकला इंजिनियर, आजोबांना सोबत म्हणून आलेला. आपलं इथे काय काम, असा चेहरा. भार्गवीने त्याचा दाब मोजला. पुन्हा मोजला. “मोदक खा,” असं ती म्हणाली नाही. तिने डॉक्टरांना हाक मारली.

एकतीस होता. नस शाबूत होती.

दुपारपर्यंत एकशे सदतीस माणसं तपासून झाली. त्यांतल्या नऊ जणांचा वाढलेला दाब आजवर कुणी मोजलाच नव्हता. नवांतली सहा मुलींकडची. एकाचीही दृष्टी अजून गेलेली नव्हती. डॉक्टर आठल्ये खोलीतून बाहेर आले, चष्मा काढून डोळे चोळले आणि म्हणाले, “ताई, अशी दुपार मला पुन्हा मिळायची नाही.”

पंगत उठल्यावर तात्यासाहेब मुद्रितांच्या टेबलाशी आले. नीरजा तिथे एकटीच होती. त्यांनी काठी टेबलाला टेकवून ठेवली, बराच वेळ पानं उगाच चाळली.

“मुलींकडच्यांना किती पानं लागतील?”

“दीडशे तरी.”

“लागू देत,” ते म्हणाले. “आणि तो शेवटचा रकाना. तो सगळ्यांना ठेवा. आमच्याकडच्यांनाही.”

ते गेल्यावर नीरजाने पेन्सिल घेतली आणि आप्पांच्या मुद्रितावर ‘अपत्ये: नीरजा’च्या पुढचा ‘डोळे’ हा रकाना भरला: ‘तपासले. निर्दोष.’ मग दुसरा कागद घेऊन ती कमळाआत्यापाशी जाऊन बसली. आत्याने नुकतंच दार सोडलं होतं आणि ती तिसरा मोदक खात होती.

“वाच,” आत्या म्हणाली.

नीरजाने वाचलं. ‘कमळा, जन्म एकोणीसशे चौतीस. विवाह पाली येथील पोंक्षे यांच्याशी. अपत्य सलिल. नात भार्गवी, नेत्रतपासनीस.’ इथे आत्याने हात थांबवून ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. नीरजाने पुन्हा म्हटलं. “‘काचबिंदू, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षापासून. हिने सांगितल्यामुळे पुढच्यांचे डोळे वाचले.’”

आत्याने तर्जनी वर केली.

आप्पांचंच बोट, तसंच पुढे थोडं वाकलेलं.

“काय गाळलं?”

“गाळलं नाहीस. मीच चोरलं होतं. अठ्ठेचाळीस नव्हे. बेचाळीस. सहा वर्षं मी स्वतःलासुद्धा सांगितलं नव्हतं.” तिने बोटांना लागलेलं तूप चाटलं. “आता छापतेच आहेस तर खरं छाप. खोड ते.”

नीरजाने अठ्ठेचाळीस खोडलं आणि वर बेचाळीस लिहिलं.

“लिहिलंस?”

“लिहिलं.”

“दाखव भार्गवीला,” आत्या म्हणाली. “तिला वाचू दे.”